एकाच खळ्यात वाढलेली दोन मुलं

तुमचं पत्र दोनदा वाचलं. थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. २०२० च्या टाळेबंदीत तुम्ही ठाण्याहून देवगडजवळच्या मूळ गावी आलात, वडिलांची हापूसची बाग हातात घेतली आणि इथेच राहिलात. मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता, आता नऊचा झाला. मुलगी गावात आल्यावर झाली. ती दिवसभर बडबडते, कुणाच्याही मांडीवर जाऊन बसते. मुलगा मात्र पाहुणे आले की मागीलदारी पळतो. यंदा मे महिन्यात मुंबईची मंडळी आली आणि कुणीतरी म्हणालं, "गावात आणून पोराक घुमो करून टाकलंत." तेव्हापासून घरात एकच वाद आहे. वहिनींना जूनपासून ठाण्याला परत जायचंय, तुमचा पाय निघत नाही. तुम्ही विचारता, माणूस घडण्यात वातावरणाचा वाटा नक्की किती, आणि गावात राहून या मुलाचं व्यक्तिमत्त्व घडेल का.

उत्तर आधी देते. फक्त मुलाच्या अबोलपणासाठी ठाण्याला जाऊ नका. दुसऱ्या काही कारणासाठी जायचं असेल तर तो तुमचा घरचा प्रश्न. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या शाळांमध्ये मुलांचं समुपदेशन करत मला सत्तावीस वर्षं झाली. 'गाव की शहर' हा प्रश्न मला शेकडो वेळा विचारला गेला असेल, आणि दर वेळी वाटतं की प्रश्नच चुकीच्या टोकानं धरलाय.

तुम्ही बागायतदार आहात, म्हणून बागेतूनच सुरुवात करू. तुमच्या कातळावरची हापूसची कलमं एकाच जातीची, एका अर्थानं एकच झाड शंभर ठिकाणी लावलेलं. त्यातलं एक कलम सड्यावर वाऱ्याच्या तोंडावर खुजं राहिलं आणि दुसरं घळीत फोफावलं, तर तुम्ही बियाण्याला दोष देत नाही. फरक माती, पाणी, वारा, खत यांचा हे तुम्हाला ठाऊक असतं. आता घरामागचे रायवळ बघा. सगळे कोयीपासून उगवलेले, एकाच मातीत, एकाच पावसात. तरी एकाचा आंबा साखरेसारखा आणि शेजारच्याचा लोणच्यातही नको असा. इथे फरक बियाण्याचा. म्हणजे 'बीज किती आणि माती किती' याचं उत्तर तुम्ही कोणत्या बागेत उभे आहात त्यावर बदलतं.

जुळ्या मुलांच्या अभ्यासांतून स्वभावाबद्दल जे आकडे येतात, ते असेच वाचायचे असतात. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात थॉमस बुशार्ड यांनी १९७९ पासून लहानपणीच वेगळ्या घरांत गेलेल्या जुळ्यांना शोधून काढून तपासलं. एकसारखी जुळी वेगळ्या घरांत वाढूनही स्वभावानं बरीच सारखी निघाली. अशा अनेक अभ्यासांचा सरासरी निष्कर्ष असा की माणसा-माणसांच्या स्वभावांत जो फरक दिसतो, त्याचा साधारण ४० ते ५० टक्के भाग अनुवंशाशी जोडता येतो. याचा अर्थ तुमचा मुलगा चाळीस टक्के तुमच्यावर गेलाय आणि उरलेला गावावर, असा अजिबात नाही. एका मुलाची अशी वाटणी करताच येत नाही. आंब्यात माती किती आणि कोय किती, असं फोडीवर बोट ठेवून सांगता येतं का?

याच अभ्यासांतून आणखी एक गोष्ट पुढे आली. आईबापांना ती सहसा कुणी सांगत नाही. उरलेला जो वातावरणाचा भाग, त्यात 'एकच घर' या गोष्टीचा वाटा फार थोडा निघतो. भावंडं एका छपराखाली वाढतात म्हणून एकसारखी होत नाहीत. ज्यामुळे ती वेगळी होतात ते वातावरण प्रत्येकाला वेगळं मिळतं. तुमच्याच घरात बघा. मुलगा चार वर्षांचा असताना त्याची इमारत, बालवर्ग, खालच्या मजल्यावरचा मित्र, सगळं एका रात्रीत सुटलं. आईबाप धास्तावलेले, तोंडाला फडकं बांधलेले, आणि गावात 'मुंबईवाले इले' म्हणून लोक चार हात लांब. मुलीला यातलं काहीच भोगावं लागलं नाही. ती जन्मली तेव्हा आजी सावरलेली होती, बागेचा जम बसत होता आणि खेळवायला दादा होता. खळं म्हणजे अंगण एकच, पण दोघांची घरं दोन. हे मी तुमच्या अंगावर खापर फोडायला सांगत नाही. घरं अशी वेगळी होणारच.

आता मुलाचा मूळ पिंड. १९५६ पासून न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर पतिपत्नींनी शंभरावर मुलांना तान्हेपणापासून मोठं होईपर्यंत पाहिलं. त्यांना ढोबळ गट दिसले: सुमारे ४० टक्के मुलं सहज रुळणारी, १० टक्के सांभाळायला अवघड, १५ टक्के सावकाश रुळणारी, आणि बाकीची कुठल्याच खणात नीट न बसणारी. सावकाश रुळणारं मूल नवं काही समोर आलं की आधी मागे सरतं. घाई केली नाही तर काही वेळानं आपणहून पुढे येतं. तुम्ही लिहिलंय की मे महिन्यात चौथ्या दिवशी तो मामेभावांबरोबर विहिरीवर गेला आणि संध्याकाळपर्यंत परतला नाही. पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य हे, आणि तुम्ही ते कंसात लिहिलंय! चौथ्या दिवशी रुळणारं मूल घुमं नसतं. त्याला चार दिवस लागतात, एवढंच.

थॉमस आणि चेस यांचा खरा मुद्दा मात्र ते गट नव्हते. कुठलाही पिंड मुळात वाईट नसतो, पिंड आणि भोवतालच्या अपेक्षा यांची जुळणी बिघडली की मूल बिघडतं, असं त्यांचं म्हणणं. माझ्या अनुभवात तर याच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही.

ही जुळणी मी स्वतः एकदा बिघडवली आहे. कामाची सुरुवातीची वर्षं होती, चारदोन पुस्तकं वाचून आलेला ताठा होता. रत्नागिरीच्या दक्षिणेला खाडीकाठच्या एका गावातून एक मुलगा आणला होता. अकरा वर्षांचा, वर्गात तोंड न उघडणारा. मी सांगितलं, शहरात वसतिगृहात ठेवा, चार मुलांत मिसळेल. दिवाळीला आला तो मान खांद्यात घालून. पहिल्याच आठवड्यात त्याच्या बोलीवरून मुलांनी त्याला नाव पाडलं होतं, आणि त्यानं उरलेलं बोलणंही बंद केलं होतं. मग एकदा त्याच्या घरी गेले. तेव्हा पाहिलं की हा मुलगा आजीला होडीतून खाडीपलीकडच्या बाजाराला नेऊन आणत असे. भरती-ओहोटीचा हिशेब त्याला तोंडपाठ होता, आणि वाडीतल्या बाया होडी कधी सोडायची हे त्याला विचारत. गावात तो कुणीतरी होता. मी त्याला उचलून अशा जागी ठेवलं होतं जिथे त्याच्या हातात काहीच नव्हतं. दुसऱ्या सत्रात त्याला परत आणला. त्याच सुमारास एका मुलीला कोल्हापूरला मावशीकडे पाठवलं होतं आणि ती मात्र फुलली. तिथे रात्री जेवताना तिचं ऐकणारी मावशी होती. गाव आणि शहर दोन्हीकडे होतंच.

म्हणून 'वातावरण' हा शब्द मी आता हवापाण्यासारखा वापरत नाही. मुलाच्या रोजच्या दिवसात त्याच्याकडून काय मागितलं जातं, कोण त्याला प्रतिसाद देतं आणि त्याला काय नाव ठेवलं जातं, हे माझ्या लेखी वातावरण. समुद्राची गाज आणि माडाची झाडं छान आहेत, पण त्यांनी स्वभाव घडतो असं मला कधी दिसलं नाही. कोकणी माणूस फणसासारखा, हे वाक्य तर मी भाषणातून केव्हाच काढून टाकलंय. आमच्याकडे आतबाहेर दोन्हीकडून काटेरी माणसंही पुष्कळ आहेत.

दिवस काय मागतो, हे बघायचं तर रापण बघा. होडी जाळं सोडत समुद्रात अर्धगोल फिरते, दोन्ही टोकं किनाऱ्यावर येतात आणि वीस-पंचवीस माणसं दोन रांगांत ओढायला लागतात. एका बाजूनं जोर जास्त लावला की जाळं वाकडं येतं आणि मासळी निसटते. तिथे एकट्याच्या ताकदीला किंमत नाही, लय धरावी लागते. मग वाटे पडतात आणि दोरीला हात लावलेल्या पोरालाही चार बांगडे मिळतात. लावणीच्या दिवसांतही तेच: आज तुमच्या कुणग्यात, उद्या आमच्या. अशा कामाचा माणसावर काय परिणाम होतो, यावर ब्राझीलमधला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. समुद्रावर गटानं मासेमारी करणारे आणि तळ्यात एकेकट्यानं करणारे, अशा दोन वस्त्यांतल्या कोळ्यांना एक खेळ खेळायला दिला. आपल्यापुरते पैसे घ्यायचे की दुसऱ्याशी चढाओढ लावायची, हे त्यांनी निवडायचं. तळ्यातले कोळी जितके अनुभवी तितके चढाओढीकडे झुकत, समुद्रावरचे जितके अनुभवी तितके चढाओढीपासून दूर. रोजचं काम वर्षानुवर्षं माणसाला वळण लावतं, असा त्याचा अर्थ मी घेते. ब्राझील म्हणजे मालवण नव्हे, हेही लक्षात ठेवून.

आणि एकच मूल दोन जागी दोन तऱ्हेचं असतं, हे विसरू नका. किनारपट्टीवरच्या एका शाळेतला एक मुलगा गुरुजींच्या मते मतिमंद होता. सकाळी जेटीवर मासळीच्या लिलावात आईशेजारी उभा राहून तो सुरमईचे दर ओरडून सांगायचा आणि गिऱ्हाइकाला सुटे पैसे मोजून द्यायचा. मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी १९६८ मध्येच बजावलं होतं की एखाद्यावर 'लाजाळू' किंवा 'आक्रमक' असा शिक्का मारून तो अमुक ठिकाणी कसा वागेल हे नीट सांगता येत नाही. पुढे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी उन्हाळी शिबिरातल्या मुलांकडे तासन्‌तास पाहून दाखवलं, की प्रत्येक मुलाची 'असं झालं की मी असा वागतो' अशी स्वतःची खूण असते. तुमच्या मुलाची खूण शोधा. कुठे बोलतो, कुणाशी, अंधारात की उजेडात, हातात काम असताना की नुसतं समोर उभं केल्यावर? पंधरा दिवस वहीत लिहा. मे महिन्यात मंडळी बसलेली असताना त्याला मधोमध उभं करून "पाढे म्हणून दाखव" सांगितलं होतं, असं वहिनींनी लिहिलंय. अशा वेळी मीसुद्धा मागीलदारी गेले असते.

एक गोष्ट आपल्याकडे फार चालते आणि तिचं नुकसान कुणाच्या लक्षात येत नाही. चाकरमानी बाप फोनवर सांगतो, "गणपतीक येताना सायकल आणतंय." गणपतीला येतो तो मोदकांचा डबा आणि "शिमग्याक नक्की." २०१३ साली प्रसिद्ध झालेला, सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांचा एक छोटा प्रयोग आहे, २८ मुलांवरचा. आधी अर्ध्या मुलांना मोठ्या माणसानं चांगले रंग आणून देतो म्हणून सांगितलं आणि आणले नाहीत. उरलेल्यांना सांगितलं तसं आणून दिलं. मग सगळ्यांपुढे एक गोड वडी ठेवली: थांबलास तर दोन मिळतील. शब्द पाळलेला पाहिलेली मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली, फसवली गेलेली तीन. ज्याला आपण मुलाचा 'उतावळा स्वभाव' म्हणतो, तो पुष्कळदा मुलानं मोठ्यांच्या शब्दाचा लावलेला अचूक हिशेब असतो. तुम्ही आता घरीच असता, तरी काजू-आंब्याच्या हंगामात "उद्या समुद्रावर जाऊ" किती वेळा म्हटलंत ते आठवून बघा.

वातावरणानं खरोखर मूल मोडतं ते केव्हा, हेही सांगते, म्हणजे नातेवाइकांच्या बोलण्याला किती वजन द्यायचं ते कळेल. रोमानियातल्या अनाथालयांत एका बाईच्या वाट्याला डझनभर बाळं असत, कुणी उचलून घेत नसे. तिथल्या १३६ मुलांवर २००० च्या सुमारास सुरू झालेल्या अभ्यासात ज्यांना घरं मिळाली ती सुधारली, आणि दोन वर्षांच्या आत मिळाली ती जास्त सुधारली. उलट हवाई बेटांतल्या कौआई इथे एमी वर्नर यांनी १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा चाळिशीपर्यंत पाठपुरावा केला. गरिबी, दारू, घरातले तंटे अशा अनेक अडचणी एकदम वाट्याला आलेल्या मुलांपैकी तिसरा हिस्सा तरीही धड, जबाबदार माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात बहुतेकदा एक तरी मोठं माणूस पाय रोवून उभं होतं, आजी, शिक्षक, शेजारी कुणीही. तुमच्या मुलाकडे अशी तीन माणसं आहेत.

गावाची कमतरता आहे, ती झाकत नाही. तुमच्या वाडीत निम्मी घरं कुलूपबंद आहेत, शाळेत त्याच्या इयत्तेत दोनच मुलगे. नऊ वर्षांच्या मुलाला बरोबरीचा मित्र लागतो, आजी कितीही प्रेमळ असली तरी ती त्याच्याशी भांडत नाही. मोबाइलनं ही जागा भरून निघत नाही, उलट संध्याकाळ खाऊन टाकते. त्यावर उपाय ठाणं हाच नाही. शेजारच्या वाडीतला एक मुलगा बघा, एकच. आठवड्यातून दोनदा तो तुमच्याकडे, दोनदा हा त्याच्याकडे, आणि दोघांना मिळून करायला काहीतरी काम. शिमग्यात पालखीबरोबर फिरायला, भजनात टाळ धरायला पाठवा. दशावतार असेल तर नाटकापेक्षा आधी रंगपट दाखवायला न्या. हातात टाळ असलं की लाजऱ्या मुलाला बोलावं लागत नाही, तरी तो त्यांच्यातला होतो.

कामही द्या, खरं, चुकलं तर नुकसान होईल असं. पावसाळ्यात गड्यांच्या हजेरीची वही त्याच्याकडे द्या. पुढच्या हंगामात पेट्यांवर डझन लिहिणं त्याच्याकडे. पाहुणे आले की "ये, नमस्कार कर" म्हणू नका. त्याला पाणी घेऊन पाठवा आणि पंधरा मिनिटं कुणी काही विचारू नये असं आधी बजावून ठेवा. त्याच्या वतीनं बोलणं मात्र वहिनींनी हळूहळू कमी करायचं. दुकानात त्याला काय हवं ते त्यानं बोटानं दाखवलं तरी पहिल्या महिन्यात चालेल. आणि 'घुमो' हा शब्द घरातून जायला हवा. आजीनं गमतीनं म्हटलेला असला तरी मूल ते नाव अंगावर घालून फिरायला लागतं.

लाजाळूपणा पूर्ण जाईल असं वचन मी देत नाही, आणि जायलाच हवा असंही मला वाटत नाही. दापोलीजवळच्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे मुलखाचे लाजाळू. परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्यापर्यंत पायी गेले आणि वयानं लहान दिसतो म्हणून त्यांना परत पाठवलं. पुढे त्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं. एका मोठ्या माणसावरून नियम काढता येत नाही, पण नातेवाईक फारच बोलायला लागले तर सांगायला बरं.

एवढं करताना तीन गोष्टींवर लक्ष ठेवा. घरी भरभर बोलणारा मुलगा शाळेत महिनोन्‌महिने एक शब्दही बोलत नसेल, तर तो नुसता लाजाळूपणा नसतो, त्यावर वेगळे उपचार आहेत आणि ते लवकर सुरू केलेले बरे. हाक मारल्यावर वळत नसेल किंवा टीव्ही मोठा लावत असेल तर कान तपासा. 'अबोल' म्हणून आणलेल्या मुलांत मला दरवर्षी एखादं कमी ऐकू येणारं सापडतं. पूर्वी खेळायचा, आता खेळणं, जेवण, झोप सगळंच सुटलंय असं दिसलं तर वाट बघू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, त्यांना शिक्षकांकरवी आधीच सांगून ठेवा. रात्रीबेरात्री काळजी वाटली तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

जूनमध्ये शाळा सुरू होईल. नारळी पौर्णिमेपर्यंत हे करून बघा, मग वही घेऊन माझ्याकडे या. मुलालाही आणा, पण 'बाईंना दाखवायला नेतोय' असं सांगू नका. तुमच्या परसातली तिरफळं मला हवीत म्हणून निरोप आलाय, आणि ती पोचवायचं काम त्याचं, असं सांगा. पिशवी त्यानंच माझ्या हातात द्यायची. बोलला नाही तरी चालेल.